पंधरा दिवस आधी पोचणारा माणूस

दिगंबर खांबेटे विमानात बसायच्या पंधरा दिवस आधीच, जिथे जायचं त्या देशात पोचलेले असतात. देहाने ते फेल्डहोवेनमध्येच असतात. फेल्डहोवेन म्हणजे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला चिकटून असलेलं गाव. आम्ही दोघं तिथे राहतो आणि एकाच कंपनीत काम करतो. पण त्यांच्या हिशेबी ते तेव्हा सिंगापुरात असतात, किंवा बँकॉकला, किंवा नाशिकला. "आजपासून मी थायलंडमध्ये," असं ते सोमवारी सकाळी मशीनवरची कॉफी घेताना शांतपणे सांगतात आणि पुढचे पंधरा दिवस कुणाशी धड बोलत नाहीत. आमचा डच टीमलीडर योस्ट आता सरावला आहे. मीटिंग लावण्याआधी तो मला विचारतो, "दिगंबर सध्या कुठल्या देशात आहे?" मी "थायलंड" म्हटलं की तो मीटिंग पुढे ढकलतो.

कारण साधं आहे. खांबेटे व्हेप ओढतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड पेनाएवढी, बॅटरीवर चालणारी नळी असते, तिच्यात निकोटिनचं द्रव भरायचं, ओढायचं आणि वाफ सोडायची. सात वर्षांपूर्वी त्यांनी सिगारेट सोडली ती या नळीच्या आधाराने. आम्ही कंपनीत खोलीएवढी अजस्र यंत्रं बनवतो, त्यांना खांबेटे नुसतं "काम" म्हणतात. "यंत्र" हा शब्द त्यांनी या पेनासाठी राखून ठेवला आहे. "शिरीषराव, यंत्राला जरा हवा दाखवून येतो," असं मला सांगून ते रेनकोट चढवून सायकल स्टँडकडे जातात.

अडचण अशी की जगातल्या बऱ्याच देशांना हे यंत्र चालत नाही. सिंगापूरला चालत नाही, थायलंडला चालत नाही आणि आपल्या भारतातही चालत नाही. आणणं, विकणं, साठवणं, सगळ्याला बंदी. खांबेट्यांना हे सगळं कलमांसकट पाठ आहे. "कलम काय म्हणतं ते आधी बघू," हे त्यांचं पालुपद. मेधा, म्हणजे माझी बायको, एकदा त्यांना म्हणाली, "भाऊजी, आणखी एक पुरणपोळी घ्या ना." तर म्हणाले, "कलम काय म्हणतं?" आणि घेतली. ऑस्ट्रेलियात औषधाच्या दुकानात मिळतं, जपानमध्ये मिळत नाही पण स्वतःपुरतं नेता येतं. जपानबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळवा होतो.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आठ दिवसांचा तर प्रश्न, काढू दात-ओठ खाऊन. खांबेट्यांचं म्हणणं असं की ज्या पाण्यात पडायचं ते आधी घरच्या बादलीत भरून बघावं. म्हणून पंधरा दिवस आधी ते त्या देशाचा कायदा आपल्या फ्लॅटला लागू करतात. सिंगापूरच्या वेळी दारामागे कागद चिकटवला होता, 'फेल्डहोवेनची हद्द समाप्त'. यंत्र तर बंद केलंच, वर च्युइंगमही सोडलं आणि रस्ता फक्त झेब्रा क्रॉसिंगवरून ओलांडू लागले. त्यामुळे त्यांना ऑफिसला यायला अकरा मिनिटं जास्त लागत.

नेदरलँड्सने स्वतःच जेव्हा व्हेपच्या फळांच्या चवींवर बंदी आणली आणि फक्त तंबाखूची चव ठेवली, तेव्हा खांबेट्यांकडे हापूस चवीच्या चार बाटल्या शिल्लक होत्या. बंदी विक्रीवर होती, घरातल्या बाटल्या संपवायला कुणाची हरकत नव्हती. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "शिरीषराव, पळवाट सापडली म्हणजे त्या वाटेने पळायलाच हवं का?" चारही बाटल्या त्यांनी पालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर स्वतः सायकलने नेऊन दिल्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा दहाव्याहून आलेल्या माणसासारखा होता.

भारतात जायचं असलं की सराव सगळ्यात कडक. वर्षातून एकदा, तीन आठवडे, नाशिकला आईकडे. आई एक्याऐंशी वर्षांच्या. खांबेट्यांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ नाशिकलाच आईजवळ असतो. निघायच्या पंधरा दिवस आधी ते यंत्र घेऊन माझ्याकडे यायचे आणि माझ्या हातात देऊन म्हणायचे, "ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका." पाचव्या दिवशी ते मागायचे. मी द्यायचो नाही. ते माझ्याशी बोलणं सोडायचे. नवव्या दिवशी येऊन माफी मागायचे.

मी एकदा विचारलं, "अहो, निकोटिनचं गम तिकडे कायद्याने मिळतं. ते का नाही घेत?"

"चघळत बसू आईसमोर? म्हशीसारखा?" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला.

आता माझ्या अपराधाकडे येतो. हे सगळं लिहायला बसलो ते त्यापायीच.

यंत्र माझ्याकडे असतं हे मी मेधाला कधी सांगितलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी मी सिगारेट सोडली, मग लपून पुन्हा सुरू केली, मग पकडला गेलो आणि मग खरंच सोडली. असा पूर्वेतिहास असलेल्या माणसाच्या कपाटात हे पेन सापडलं तर "ते खांबेट्यांचं आहे" या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी ते लपवायचो. आणि लपवायला मी घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली होती: इंडियाची पिशवी.

इथल्या प्रत्येक मराठी घरात ही पिशवी असते. वर्षभर सेलमध्ये दिसेल ते त्यात पडत जातं. चॉकलेटचे डबे, स्ट्रूपवाफल बिस्किटांची पाकिटं, हँडक्रीम, पवनचक्कीची फ्रिज मॅग्नेटं. डिसेंबरमध्ये भारतात जाताना ती उघडते, तोवर तिला कुणी हात लावत नाही. त्या पिशवीत चॉकलेटचा एक सोनेरी डबा होता. त्यातली चॉकलेटं मी फेब्रुवारीत एकेक करून खाल्ली होती. रिकामा डबा सापडू नये म्हणून मी तो पुन्हा नीट चिकटवून ठेवला होता. एका पापावर दुसरं पाप ठेवायला जागा आयतीच तयार होती.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी खांबेटे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात फोन. "आई पडली," म्हणाले. "मोरीत. खुब्याचं हाड मोडलंय. शनिवारी दुपारी दोनला ऑपरेशन. भाऊ म्हणतो, तिला आत न्यायच्या आधी ये."

"तिकीट?"

"उद्या संध्याकाळचं. शनिवारी सकाळी मुंबई. शिरीषराव, सराव नाही झाला."

मला तेव्हा हसू येणार होतं. आई ऑपरेशनला चाललीय आणि यांना सरावाचं पडलंय! पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. मी ते घरी नेऊन सोनेरी डब्यात घातलं, डबा चिकटवला, पिशवीत ठेवला आणि त्यांना स्किपोल विमानतळावर सोडायला गाडी काढली. मेधाही आली.

खांबेट्यांचा आणखी एक नियम सांगायला हवा. भारतात जाणाऱ्या माणसाच्या हातात इथे सगळेच काही ना काही देतात, "एवढं जरा माझ्या बहिणीकडे." खांबेटे न उघडता काहीही नेत नाहीत. माझ्या भाच्याच्या वाढदिवसाची भेटही त्यांनी उघडायला लावली होती, वजन करून यादीत लिहिली आणि पुन्हा माझ्याकडूनच बांधून घेतली. पण त्या दिवशी विमानतळाच्या दारात मेधाने कापडी पिशवी पुढे केली, "भाऊजी, माझी मावशी तुमच्या आईंच्या गल्लीतच राहते, एवढं द्याल?" आणि त्यांनी आत न बघता ती हातातल्या बॅगेत कोंबली. "कलम काय म्हणतं" नाही, काही नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस किती घाबरलाय.

परतीच्या वाटेवर मी सहज विचारलं, "मावशीला काय पाठवलंस?"

"काही नाही रे. घाईत काय मिळणार? इंडियाच्या पिशवीतून तो सोनेरी डबा काढला."

मी गाडी पुढच्याच पेट्रोल पंपावर घेतली.

"काय झालं? पांढरा का पडलास?"

मी सगळं सांगितलं. आधी यंत्राचं, मग डबा रिकामा का होता त्याचं. मेधाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चोवीस चॉकलेटं तू एकट्याने खाल्लीस?"

"मेधा, खांबेटे बंदी असलेली वस्तू घेऊन भारतात चाललेत! आपल्यामुळे!"

"आपल्यामुळे नाही. तुझ्यामुळे. चोवीसच्या चोवीस?"

मी फोन लावला. बंद. मेसेज टाकला, 'डबा उघडू नका. किंवा उघडा. तो मावशीचा नाही.' त्यावर एकच टिक आली आणि ती तशीच राहिली. घरी आल्यावर आमच्या लेकीने, ईशाने, सगळं ऐकून विचारलं, "बाबा, इज काका गोइंग टु प्रिझन?" आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडून 'संबंधित अधिकाऱ्यांस' असं पत्र लिहायला घेतलं. 'सदर वस्तू श्री. खांबेटे यांची असली तरी सदर प्रसंगी त्यांची नाही' या वाक्यापाशी मी अर्धा तास अडकलो. जन्मात ज्याने पळवाट वापरली नाही, त्या माणसाला मी चोर केला होता. आणि कुठल्या दिवशी? तिकडे आई टेबलावर जायची आणि हे मुंबईच्या विमानतळावर खुलासे देत बसायचे.

आमच्याकडचे साडेनऊ वाजले, म्हणजे तिकडे दुपारचे दोन. मेसेज आला. 'आईला भेटलो. आत नेलंय. डबा मिळाला.' पुढे काही नाही. संध्याकाळी दुसरा आला, 'ऑपरेशन नीट झालं.' मी माफीचे तीन लांबलचक मेसेज पाठवले. उत्तर आलं, 'आल्यावर बोलू.'

तीन आठवड्यांनी ते आले, तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी चहा ठेवला आणि सांगायला लागले.

"जेवणाचे ट्रे गेल्यावर यादी करायला बसलो. म्हटलं, राहिलंय ते उरकू. झाकण उघडलं, तर आत आमचं यंत्र! शिरीषराव, हार्ट अटॅकच यायचा. एअर होस्टेसला म्हटलं, मॅडम, हे मला जमा करायचंय. ती म्हणाली, सर, आम्ही घेत नाही, खिशात ठेवा. म्हटलं, मग कचऱ्यात टाका. ती म्हणाली, बॅटरी आहे, कचऱ्यात चालत नाही. म्हणजे कुठल्याच कलमात बसेना!"

"मग?"

"मग उतरलो. तुम्हाला माहितेय, मी नेहमी कस्टम्सच्या लाल रांगेत जातो, सामान जाहीर करणाऱ्यांच्या. चीज असलं तरी जातो. ते अधिकारी वैतागतात. म्हणतात, काका, जा हो घरी. या वेळी खरंच सांगायला काहीतरी होतं, तर लाल रांगेत वीस माणसं. टीव्हीची खोकी घेऊन उभी. आणि भावाचा मेसेज, 'निघालास का? सारखी तुझंच विचारतेय.' नाशिक चार तास."

चहा उतू जाऊ लागला, मी उठून गॅस बारीक केला.

"हिरव्या रांगेतून बाहेर आलो," ते म्हणाले. "कुणी विचारलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "खांबेटे, चूक माझी होती."

"डबा तुमचा होता, पाय माझे होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरी गंमत पुढेच आहे. तुम्ही विचारत होतात ना, गम का नाही घेत? सराव कशाला? मी कॉलेजात असल्यापासून आई माझी बोटं हुंगते. गेलो की पहिल्यांदा हात हातात घेते. सिगारेट होती तेव्हा दर वेळी पकडायची. सात वर्षांपूर्वी हुंगली आणि म्हणाली, साबणाचा वास येतोय, शहाणा झालास. तिला वाटलं, सगळंच सोडलं. आता यंत्राचा वास बोटांना येत नाही. येत असता तर बरं होतं, तिने पकडलं असतं. ती पकडू शकत नाही म्हणून मला खरं राहावं लागतं. निदान तिच्यासमोर हात करेन तेव्हा तरी. कायद्याचं निमित्त बरं पडतं. लोक आईला हसतील, कायद्याला हसत नाहीत."

इतकी वर्षं मी कायद्याला हसत होतो.

"या वेळी स्ट्रेचरवर होती. तिथेही हात ओढून घेतला. हुंगला. म्हणाली, शहाणा. आणि आदल्याच दिवशी तुमच्या हातात यंत्र द्यायच्या आधी मी सायकल स्टँडपाशी अर्धा तास ओढत उभा होतो. आणि तेच यंत्र बॅगेत. ती आत गेली. तिला तिकडे काही झालं असतं तर शेवटचा शब्द तो, शहाणा. ते दोन तास कसे काढले ते नाही सांगत."

"सांगितलंत त्यांना?"

"शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी. यंत्रच दाखवलं. तिने चष्मा मागितला. उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाली, 'हे सुटलेलं असतं म्हणून तू आलास की भिंतीकडे बघत बसतोस होय? चार शब्द बोलत नाहीस, वस्सकन अंगावर येतोस, ते यापायी? आणि मला वाटायचं, याला आता आमचं घर आवडत नाही.'"

खांबेट्यांनी कपात चहा ओतला. अर्धा बशीत गेला.

"सात वर्षं, शिरीषराव. मी तिच्यासाठी खरा राहत होतो आणि तिला वाटत होतं, मुलगा उपकार केल्यासारखा येतो."

मी उगीच टेबल पुसलं.

"मग म्हणाली, हे माझ्याकडे ठेव. आता तिच्या लोखंडी कपाटात आहे, बांगड्यांच्या डब्याशेजारी. म्हटलं, आई, साठवणुकीचं कलम आहे. तर म्हणाली, येऊ देत पोलीस. म्हणावं, म्हातारीला उठता येत नाही, तुम्हीच कपाट उघडा." इतक्या वेळात ते पहिल्यांदा हसले. "डॉक्टरांनी तिला वॉकर घेऊन चालायला सांगितलं होतं. ती तयार नाही. दुखतं म्हणायची. मग आमचा करार झाला. मला तलफ आली की मी सांगायचं, आणि ती उठणार. तुला ते नको, मला हे नको, दोघंही नको असलेलं करू. पहिल्या दिवशी मला चौदा वेळा तलफ आली. चौदा वेळा पॅसेजमधून गेलो-आलो. ती फिजिओची मुलगी म्हणाली, या वयात इतक्या जिद्दीचं पेशंट मी पाहिलं नाही. आई म्हणाली, जिद्द कसली, मुलगा व्यसनी आहे."

इथे थांबलो तर गोष्ट छान संपते, पण मी खोटं सांगणार नाही. खांबेट्यांनी इथे आल्यावर नवीन यंत्र घेतलं. आठवड्याभरातच घेतलं, आणि त्याच संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं.

पण रोज सकाळी अकरा वाजता ते यंत्र टेबलाच्या खणात ठेवून फोन घेऊन बाहेर पडतात. नाशिकला तेव्हा दुपार असते. माझ्या खिडकीतून कंपनीचा पार्किंग लॉट दिसतो. सकाळची भुरभुर चालू असते, माणसं डोकी खाली घालून गाड्यांकडून दाराकडे पळत असतात. त्यांच्यामधून पिवळा रेनकोट घातलेला एक उंच माणूस फोन कानाला लावून चालतो. एक पाऊल टाकतो, थांबतो. दुसरं टाकतो, थांबतो. परवा मी छत्री घेऊन त्यांच्या मागे गेलो तर ऐकू आलं, "एकोणीस. घाई नको. वॉकर धर नीट. हां, मीही थांबलोय. आता वीस."

मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि त्याच चालीने चालायला लागलो.